घरच्या घरी सीडी राईट करताना: रायटर कोणता घ्यावा आणि डिस्क वाया जाऊ नयेत म्हणून काय करावं

सप्ताहातली कीर्तनं, भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट, कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतली भाषणं, घरातल्या लग्नाचं शूटिंग. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात असं रेकॉर्डिंग कितीतरी घरांत पडून आहे. पेनड्राइव्ह आले, मोबाइल आले, तरी सीडी मागणारी माणसं अजून आहेत. देवळातल्या प्लेअरला सीडीच लागते, वारीच्या गाडीतला जुना डेक पेनड्राइव्ह घेत नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एक बटण दाबलं की वाजणारी वस्तू हवी असते. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी सीडी मारून देणारं दुकान असायचं. आता ते काम करणारे फार थोडे उरलेत, म्हणून ज्याला गरज आहे त्यानं घरीच शिकून घेणं बरं.

मी आमच्या भजनी मंडळासाठी आणि ओळखीपाळखीच्या घरांसाठी हे काम करत आलो आहे. नवीन माणूस कुठे अडतो ते आता चांगलं माहीत झालंय. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे. एकच गोष्ट आधी मनाशी पक्की करा: डिस्क राईट झाली म्हणजे काम झालं असं समजायचं नाही. ती दुसऱ्या यंत्रात पूर्ण वाचून बघितली, मगच झालं. तोवर मूळ फाइलींना आणि मूळ कॅसेटला हात लावायचा नाही.

१. आधी ठरवा, डिस्क वाजणार कुठे?

रायटर घ्यायच्या आधी, कोरी सीडी घ्यायच्याही आधी, ही डिस्क कोणत्या यंत्रात जाणार ते विचारून घ्या. "सीडी खराब निघाली" म्हणून परत येणाऱ्या बऱ्याच डिस्क खराब नसतात. त्या त्या यंत्राला चालणाऱ्या प्रकारच्या नसतात, एवढंच.

ऑडिओ सीडी कुठल्याही साध्या प्लेअरवर वाजते. तिच्यात ८० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९९ ट्रॅक मावतात. आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली हे माप ठरवलं, ते अजून बदललेलं नाही. कॅसेटवाल्यांनी इथे एक हिशेब करून ठेवावा. साठ मिनिटांची कॅसेट एका सीडीत आरामात बसते, पण नव्वद मिनिटांची बसत नाही. तिच्या दोन बाजूंच्या दोन सीडी करा. दोन तासांच्या कीर्तनाचंही तेच. निरूपणाच्या मध्येच तोडू नका. एखाद्या अभंगाचं चरण संपून टाळ-मृदंग चढतात आणि गजर ओसरतो, तिथे पहिली सीडी संपवा.

एमपीथ्री सीडी म्हणजे खरं तर डेटा सीडी. तिच्यात ७०० एमबी मावतं, म्हणजे १२८ केबीपीएसच्या फाइली असतील तर १२ तासांच्या आसपास. पण ज्या डेकच्या तोंडावर 'एमपीथ्री' असं छापलेलं आहे, त्यालाच ती कळते. साध्या जुन्या प्लेअरमध्ये ती घातली तर नुसती फिरत राहते.

डीव्हीडीवर ४.७ जीबी असं छापलेलं असतं, पण विंडोज तीच जागा ४.३८ जीबीच्या आसपास दाखवतं, कारण मोजण्याची रीत वेगळी आहे. साडेचार जीबीचं फोल्डर बघून "बसेल की" म्हणून सुरुवात करू नका. दुसरी अडचण जास्त मोठी. लग्नाची एमपीफोर फाइल नुसती डीव्हीडीवर टाकली, तर टीव्हीजवळचा जुना डीव्हीडी प्लेअर ती दाखवत नाही. त्याला 'व्हिडिओ डीव्हीडी' लागते. डीव्हीडीस्टाइलर हे फुकट सॉफ्टवेअर तशी बनवून देतं. त्यात पाल आणि एनटीएससी असे टीव्हीच्या चित्राचे दोन पर्याय येतात, त्यांतला आपल्याकडे चालणारा पाल निवडा. एका डिस्कवर साधारण दोन तासांचं शूटिंग ठेवा. त्याहून जास्त कोंबलं की चेहरे चौकोनी ठिपक्यांचे दिसू लागतात.

२. रायटर निवडणे

आता बाजारात नुसता सीडी रायटर शोधू नका. डीव्हीडी रायटर सीडीही लिहितो, तोच घ्यायचा. तो दोन प्रकारांत मिळतो.

पहिला, यूएसबीला लावायचा बाहेरचा पातळ रायटर. लॅपटॉपवाल्यांसाठी हाच. सीडी साधारण २४ एक्स आणि डीव्हीडी ८ एक्स वेगानं लिहितो (एक्स म्हणजे मूळ वेगाच्या किती पट ते). घरच्या कामाला एवढं भरपूर आहे. त्याची एकच खोड म्हणजे तो सगळी वीज यूएसबीतूनच घेतो. डिस्क फिरायला सुरुवात होते किंवा लेझर लिहायला लागतो, त्या क्षणी त्याला जास्त वीज लागते. यूएसबी २ च्या एका पोर्टातून ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपियरच मिळतात, आणि तेवढी पुरेलच असं नाही. मग रायटर मध्येच गायब होतो आणि डिस्क गेली. म्हणून तो थेट संगणकाच्या पोर्टात लावा, चार तोंडांच्या हबमध्ये नको. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टात लावा, कारण पुढची पोर्टं आतून लांब वायरीनं जोडलेली असतात. सोबत आलेली आखूड केबल बदलून लांब केबल लावू नका. दोन यूएसबी तोंडांची केबल मिळाली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

दुसरा प्रकार डेस्कटॉपच्या डब्यात बसणारा सवापाच इंची साटा रायटर (साटा म्हणजे आजच्या मदरबोर्डवरची जोडणी). त्याला कॅबिनेटच्या पॉवर सप्लायमधून स्वतःची वीज मिळते, डिस्क जास्त स्थिर फिरते, वेगही जास्त. मला विचाराल तर ज्याच्याकडे डेस्कटॉप आहे आणि कॅबिनेटला पुढे त्यासाठी खाच आहे, त्यानं हाच घ्यावा. नवीन कॅबिनेटांना ती खाच बहुतेक नसतेच, तेव्हा आधी बघून या.

जुन्या ऑफिसच्या भंगारातून निघालेला रायटरही चालतो, पण तीन गोष्टी बघा. एक, मागे रुंद चपटी चाळीस पिनांची पट्टी लागत असेल तर तो आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीचा आहे, आजच्या मदरबोर्डला बसत नाही. दोन, ट्रेच्या तोंडावरची चिन्हं वाचा. 'डीव्हीडी-रॉम' एवढंच असेल तर तो फक्त वाचतो. 'कॉम्बो' म्हणजे सीडी लिहितो, पण डीव्हीडी नुसती वाचतो. आपल्याला 'डीव्हीडी मल्टी रेकॉर्डर' किंवा सीडी आणि डीव्हीडी दोन्हींवर 'रीरायटेबल' लिहिलेला हवा. तीन, तिथेच एक कोरी सीडी लिहून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. रायटरमधला लेझर वापरानं थकतो. असा थकलेला रायटर डिस्क छान वाचतो आणि लिहिताना मात्र अडतो, त्यामुळे नुसतं गाणं वाजवून दाखवलेलं पुरेसं नाही.

नवीन घेताना आपल्या भागातला खास प्रश्न सर्व्हिसचा. खडेबाजारातून घ्या, निपाणीचे असाल तर कोल्हापुरातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, आधी सरळ विचारा: "अण्णा, बिघडला तर इथंच देता येतंय का, का हुबळीला पाठवायला लागतंय?" बेळगावातच घेतात असं उत्तर आलं तर जागा विचारून घ्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर रायटरचा सिरियल नंबर लिहून मागा. ऑनलाइनचं पार्सल खेड्यावर येईपर्यंत बरंच हेलकावे खातं. ते आल्या दिवशीच उघडून एक डिस्क लिहून बघा, म्हणजे परत करायची मुदत हातात राहते.

डबी, ट्रे, केबल सगळं ठीक दिसलं तरी पातळ रायटरमध्ये एक तपासणी राहते. ट्रे बाहेर ओढा. मधल्या गोल कंगोऱ्यावर सीडी ठेवून दोन बोटांनी मधोमध दाबा, 'टक्' असा आवाज येऊन ती बसली पाहिजे. ती नीट न बसता ट्रे आत ढकलला तर डिस्क वाकडी फिरून घासते. या रायटरचा लेन्स ट्रेवरच उघडा असतो, हरभऱ्याएवढा निळसर काचेचा ठिपका. त्याला बोट लागू देऊ नका.

३. कोऱ्या डिस्क: खरा खेळ इथे आहे

रायटरपेक्षा कोरी डिस्क जास्त महत्त्वाची, असं माझं ठाम मत आहे. चांगला रायटर असला तरी हलकी डिस्क चांगली होत नाही.

सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी सीडी, ही १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यावर रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीसारख्या चकचकीत धातूचा थर, आणि वर फक्त लाखेचा पातळ लेप. लिहिताना ७८० नॅनोमीटरचा लेझर त्या रंगद्रव्याला तापवून खुणा करतो. तो रंग जुना झाला, उन्हात फिका पडला, की खुणा पुसट होतात आणि डिस्क वाचता येत नाही.

आता कोऱ्या डिस्क बनवणारे कारखाने कमी झालेत. सीडी-आरच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या जपानच्या तायो युदेननं २०१५ साली हा धंदा सोडला. नोएडाची मोझर बेअर एके काळी जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी होती. ती २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. त्यामुळे बंद पडलेल्या नावाचं खोकं आज दुकानात दिसलं तर तो कित्येक वर्षांचा माल आहे हे ओळखा. कोऱ्या डिस्कचंही वय होतं. काउंटरवरच्या काचेच्या कपाटात उन्हात पडलेलं खोकं तर नकोच.

घेताना असं करा:

- आधी दहाचं लहान पाकीट घ्या. तुमच्या रायटरवर आणि ज्यांना द्यायच्या त्यांच्या प्लेअरवर चालतात हे बघून मगच पन्नासचा डबा घ्या.
- सुट्ट्या, कागदी पाकिटातल्या, नाव नसलेल्या डिस्क शिकण्यासाठी ठीक. ठेवणीच्या कामाला नाहीत.
- एक डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून आरपार बघा. सुईनं टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले, काठाशी रंग पसरलेला किंवा ढगाळ दिसला, तर ते पाकीट परत करा.
- खोक्यावर एक नाव आणि आत दुसऱ्याच कारखान्याचा माल असं सर्रास चालतं. इमजबर्न हे सॉफ्टवेअर डिस्क घातल्यावर तिचा खरा उत्पादक कोण ते उजवीकडे दाखवतं. जो माल तुमच्याकडे चांगला चालला त्याचं नाव लिहून ठेवा.

सीडी-आरडब्ल्यू पुसून पुन्हा लिहिता येते, म्हणून सराव त्यावर करा. पण लोकांना देताना सीडी-आरच द्या. आरडब्ल्यूवरून लेझरचा प्रकाश फार कमी परततो, आणि जुन्या प्लेअरना ती दिसतच नाही. डीव्हीडीत 'प्लस आर' आणि 'मायनस आर' असे दोन प्रकार आहेत. आजचे रायटर दोन्ही लिहितात. समोरचा प्लेअर फार जुना असेल तर मायनस आर बहुधा चालते.

पिढ्यान्‌पिढ्या ठेवायचं काही असेल तर एम-डिस्क नावाचा प्रकार आहे. त्यात रंगद्रव्याऐवजी दगडासारखा थर कोरला जातो. ती लिहायला रायटरवर एम-डिस्कचं चिन्ह असावं लागतं. महाग पडते, पण गावातल्या जुन्या कीर्तनकारांचा एकुलता एक आवाज असेल तर खर्च करावा.

४. हाताशी काय काय हवं

- रायटर आणि त्याची मूळची केबल
- कोऱ्या सीडी-आर, शिवाय सरावाला एखादी आरडब्ल्यू
- सीडीसाठी म्हणून मिळणारा मऊ टोकाचा मार्कर
- चष्मा पुसायचं मऊ फडकं
- कडक प्लास्टिकच्या डब्या, प्रत्येक डिस्कला एक
- लॅपटॉपची चालू बॅटरी, किंवा डेस्कटॉपला यूपीएस
- सॉफ्टवेअर: विंडोजवर सीडीबर्नर एक्सपी किंवा इमजबर्न, लिनक्सवर केथ्रीबी. तिन्ही फुकट आहेत
- कॅसेट असतील तर टेप डेक, दोन्हीकडे साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर आणि आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर
- तपासणीसाठी दुसरा एखादा प्लेअर, गाडीतला असला तरी चालेल

सॉफ्टवेअर त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवा. 'डाउनलोड' लिहिलेली मोठी हिरवी बटणं बहुतेक जाहिरातींची असतात. इन्स्टॉल होताना प्रत्येक पानावरची बरोबरची खूण वाचून नको ते काढा, नाहीतर सोबत दुसराच पसारा संगणकात शिरतो.

५. संगणक आणि जागा तयार करा

पूर्वी लिहिताना संगणकाकडून माहिती पोचायला क्षणभर उशीर झाला की डिस्क बाद व्हायची. २००० सालानंतरच्या रायटरना थांबून तिथूनच पुढे लिहिता येतं, त्यामुळे तो धोका बराच कमी झाला. तरी डिस्क जिथे थांबून पुन्हा सुरू होते तिथे सांधा राहतो, आणि जुना प्लेअर नेमका त्या सांध्यावर अडखळतो. म्हणून:

फाइली पेनड्राइव्हवरून किंवा मोबाइलवरून थेट लिहू नका, आधी हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये आणा. बाकीचे प्रोग्राम बंद करा. लॅपटॉप मध्येच झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा. विंडोजचा अपडेट अर्धवट असेल तर तो पूर्ण होऊ द्या, मग बसा.

विजेचं तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला, जांबोटी-कणकुंबीकडे, झाड पडलं की संध्याकाळची लाइट कधी येईल सांगता येत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असेल किंवा यूपीएस असेल तरच सुरू करा. लाइट जाऊन ट्रे आतच अडकला तर रायटरच्या तोंडावर टाचणीएवढं छिद्र असतं. वायर काढून ठेवा, मग त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हळू सरकवा, ट्रे उघडतो.

रायटर घट्ट, आडव्या टेबलावर ठेवा. ज्या टेबलावर शिलाई मशीन चालतं तिथे नको. लिहीत असताना त्याला उचलायचं नाही, हलवायचं नाही.

६. फाइली लावून घ्या

फाइलींची नावं रोमन लिपीत आणि आखूड ठेवा. देवनागरी किंवा कन्नड नावं संगणकावर नीट दिसतात, पण गाडीतला डेक त्यांच्या जागी चौकोन दाखवतो, आणि काही डेक ती फाइल घेतच नाहीत. सुरुवातीला 01, 02, 03 असे इंग्रजी आकडे घाला. नुसतं १, २, १० लिहिलं तर दहावा अभंग दुसऱ्याच्या आधी वाजतो. एका फोल्डरच्या आत दुसरं, त्यात तिसरं असं करू नका.

कॅसेटवरून घेताना ऑडॅसिटीत ४४१०० हर्ट्झ आणि १६ बिट ठेवा, आणि डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबलेली मोठी फाइल करा. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. टाळांच्या कडकडाटाला ती पटकन लाल होते, म्हणून शेवटचा गजर आधी वाजवून त्यावर आवाज बेतून घ्या. एमपीथ्री करायची असेल तर त्या डब्ल्यूएव्हीवरून वेगळी करा, मूळ फाइल ठेवून द्या.

एक सूचना. हे सगळं आपल्या स्वतःच्या किंवा ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीच्या रेकॉर्डिंगसाठी. विकत मिळणारे चित्रपट आणि गाणी नकलून वाटणं कायद्यानं गुन्हा आहे.

७. प्रत्यक्ष लिहिणं

विंडोजमध्ये कोरी सीडी घातली की एक खिडकी उघडते आणि दोन पर्याय विचारते. 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' आणि 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर'. नवखी माणसं सगळ्यात जास्त इथे फसतात. पहिला पर्याय वर असतो, सोपा वाटतो, म्हणून दाबला जातो. त्यानं लिहिलेली डिस्क तुमच्या संगणकावर छान दिसते आणि देवळातल्या प्लेअरवर, गाडीत, कुठेही चालत नाही. नेहमी दुसरा पर्याय. त्याहून बरं म्हणजे ती खिडकी बंद करून सीडीबर्नर एक्सपी उघडा आणि सुरुवातीलाच 'ऑडिओ डिस्क' की 'डेटा डिस्क' ते निवडा.

मग या तीन सेटिंग बघा.

वेग. रायटरवर ५२ एक्स लिहिलं आहे म्हणून तेवढा वेग घेऊ नका, आणि "जितकं हळू तितकं चांगलं" हेही आता खरं नाही. आजच्या डिस्कचा रंग जास्त वेगासाठी बेतलेला असतो. तव्यावरच्या भाकरीसारखंच, आच फार झाली तर करपते, फार मंद ठेवली तर वातड होते. सीडीला १६ किंवा २४ एक्स, डीव्हीडीला ४ किंवा ८ एक्स. एक एक्स म्हणजे सीडीला सेकंदाला १५० केबी, त्यामुळे १६ एक्सला पूर्ण भरलेली सीडी पाच-सहा मिनिटांत होते. घाई कशासाठी करायची?

ट्रॅकमधलं अंतर. 'ट्रॅक अॅट वन्स' असं असेल तर प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता येते. गाण्यांना ठीक आहे. पण सलग चाललेलं कीर्तन तुम्ही सोयीसाठी दहा ट्रॅकमध्ये तोडलं असेल, तर गजराच्या मध्येच आवाज तुटतो आणि ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. 'डिस्क अॅट वन्स' निवडा आणि अंतर शून्य करा.

डिस्क बंद करणं, म्हणजे 'फायनलाइज'. यात डिस्कच्या सुरुवातीला सगळ्या ट्रॅकची यादी पक्की लिहिली जाते. ती नसेल तर प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो. "जागा उरली आहे, पुढच्या एकादशीला भर घालू" म्हणून डिस्क उघडी ठेवू नका. नवीन डिस्क घ्या.

सुरू केल्यावर संगणकाला हात न लावता शांत बसा. शेवटची पट्टी ९९ टक्क्यांवर बराच वेळ थांबते. तेव्हाच डिस्क बंद होत असते. अडकलं समजून केबल ओढू नका.

८. तपासून बघा

सॉफ्टवेअरमध्ये 'व्हेरिफाय' ही खूण असते, ती डेटा डिस्कला कधीच काढू नका. लिहिलेलं पुन्हा वाचून मूळ फाइलींशी ताडून बघतं. वेळ दुप्पट जातो, जाऊ द्या. पण रायटर स्वतः लिहिलेली डिस्क स्वतः लाडानं वाचतो. म्हणून दुसऱ्या यंत्रातही घाला.

ऑडिओ सीडी असेल तर पहिला ट्रॅक ऐकून समाधान मानू नका. लेखन मध्यापासून सुरू होऊन काठाकडे जातं, आणि खराबी बहुतेक काठाशी, म्हणजे शेवटच्या ट्रॅकमध्ये निघते. पहिला, मधला आणि शेवटचा ट्रॅक पुढे-मागे सरकवत ऐका. शेवटी 'टिक टिक' किंवा अडखळ आली तर पुढच्या वेळी डिस्क ७५ मिनिटांतच संपवा. काठ मोकळा राहिला की बोटांच्या ठशांचाही त्रास कमी.

९. अडलं तर

'पॉवर कॅलिब्रेशन एरर': लिहिण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या कडेला लेझरची ताकद अजमावतो, तिथेच तो अडला. हलकी डिस्क, धुळकट लेन्स किंवा अपुरी वीज. याच क्रमानं बदलून बघा. डिस्कचं नाव बदललं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. लेन्सला हवा मारायच्या रबरी पंपानं धूळ उडवा. तोंडानं फुंकू नका.

मध्येच रायटर दिसेनासा होतो: वीज. पोर्ट बदला, हब काढा.

एकाच डब्यातल्या डिस्क एकामागून एक वाया जातात: थांबा. तिसरी घालू नका. तोच रायटर दुसऱ्या नावाच्या डिस्कवर आणि तीच डिस्क दुसऱ्याच्या रायटरवर लावून बघा, दोष कुणाचा ते लगेच कळतं.

परदेशातून आलेली डीव्हीडी लावल्यावर रायटर 'रीजन' (डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागासाठी आहे त्याचा क्रमांक) बदलू का विचारतो: भारताचा रीजन ५ आहे, आणि बदल फक्त पाच वेळा करता येतो. शेवटचा रीजन कायमचा राहतो. उगाच 'हो' म्हणू नका.

१०. नाव लिहिणं आणि ठेवणं

सगळे चकचकीत खालच्या बाजूला जपतात आणि वरची बाजू टेबलावर घासतात. सीडीच्या बाबतीत वरची बाजू जास्त नाजूक आहे. खाली सव्वा मिलिमीटरचं प्लास्टिक आहे, वर नुसता लाखेचा लेप. वरून ओरखडा गेला की माहितीचा थरच निघून येतो आणि तो काही केल्या परत येत नाही. बॉलपेननं कधीही लिहू नका. कागदी लेबल चिकटवू नका. ते एका बाजूला सुटतं, डिस्क डगमगते, आणि काढायला गेलं तर थरासकट निघतं. मऊ मार्करनं, शक्यतो मधल्या पारदर्शक गोलावर, तारीख आणि नाव लिहा. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे वरून ती सुरक्षित. पण डबीतून काढताना वाकवली तर चकत्या सुटतात. मधली पाकळी दाबून काढा.

पुसायची वेळ आली तर मध्यापासून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

आपल्याकडचा पावसाळा डिस्कचा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात, फडताळात कपड्यांना बुरशी येते, तीच डिस्कवरही चढते. डब्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. डांबराच्या गोळ्या त्यात नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला बाधते. पातळ प्लास्टिकचे खिसे असलेला अल्बमही लांबच्या ठेवणीला नको, उकाड्यात तो डिस्कला चिकटतो. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात डिस्क ठेवली तर एका उन्हाळ्यात रंग फिका पडतो. गाडीसाठी वेगळी प्रत मारा, मूळ घरात ठेवा.

प्रत्येक महत्त्वाच्या रेकॉर्डिंगच्या दोन डिस्क करा, त्याही दोन वेगळ्या नावांच्या. एक तुमच्याकडे, दुसरी दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडे. तुम्ही टिळकवाडीत राहत असाल तर बहिणीकडे निपाणीला द्या. त्याशिवाय हार्ड डिस्कवर एक प्रत असू द्या. दर दोन-तीन वर्षांनी, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की, सगळ्या डिस्क काढून शेवटचा ट्रॅक वाजवून बघा. एखादी अडखळायला लागली तर तिच्या जोडीदार डिस्कवरून लगेच नवीन मारा.

आणि घरात २००५ च्या आसपास दुकानातून मारून आणलेल्या जुन्या सीडी असतील, तर नवीन काही लिहायच्या आधी त्या हातात घ्या. त्यांचा रंग आता वीस वर्षांचा झालाय. रायटर जोडल्यावर पहिलं काम म्हणून त्या एकेक करून हार्ड डिस्कवर उतरवा. एखादी वाचताना अडली तर दुसऱ्या रायटरमध्ये लावा. एकाला न वाचता आलेली डिस्क दुसरा कित्येकदा वाचतो, म्हणून शेजारच्या, मंडळातल्या, शाळेतल्या संगणकावर लावून बघितल्याशिवाय कुठलीही टाकून देऊ नका.